चौदावी गाठ

पावणेचार वाजता शाळेच्या मागच्या फाटकातून दोरी बाहेर पडायची. दोरीला धरून मुलं असायची, पण रस्त्यावरचे लोक म्हणायचे ते असंच, ‘दोरी निघाली बघ.’ कोपऱ्यावरचा न्हावी ती दिसली की हातातला कंगवा खाली ठेवून चहा सांगायचा. घड्याळ त्याच्या दुकानात होतं, पण त्याचा दोरीवर जास्त भरवसा.

दोरी मावशींनी स्वतः वळलेली. शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला होता. तिथले उरलेले कापडाचे काठ घरी साठले होते. निळा, राखाडी आणि पांढरा, अशी तिपेडी वेणी घालून त्यांनी ही लांबच लांब दोरी केली आणि हातभर अंतरावर एकेक गाठ मारली. चौदा गाठी. तेरा मुलांच्या, चौदावी स्वतःची. म्हणून त्या दोरीमावशी. एकोणीस वर्षांत मुलं बदलली, दोरी दोनदा बदलली, गाठी तेवढ्याच राहिल्या.

वस्तीतल्या हॉलमध्ये संध्याकाळचा वर्ग चालायचा. ज्यांचे आईबाप दोघंही कामावर, अशी मुलं शाळेतून तिथे यायची. अभ्यास, चित्रं, थोडी मारामारी, थोडी रडारड, आणि सातपर्यंत ज्याचं त्याचं माणूस येऊन ज्याला त्याला घेऊन जायचं. सांभाळणारे सात जण, सगळे बिनपगारी, हौसेचे. मावशींचं काम एवढंच की शाळेपासून हॉलपर्यंत मुलांना आणायचं. मध्ये एकच मोठा रस्ता. पण मोठा.

त्या रस्त्याच्या कडेला आलं की दोरी थांबायची. पहिल्या गाठीचं मूल ‘एक’ म्हणायचं, दुसरं ‘दोन’, असं करत ‘तेरा’ व्हायचं. मग शेवटून मावशी रस्ता दोन्हीकडे बघून, सावकाश, ‘चौदा’ म्हणायच्या. चौदा ऐकल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. रस्ता रिकामा असला तरी नाही, पाऊस आला तरी नाही, समोरून आईने हाक मारली तरी नाही.

न्हावी त्यांना चिडवायचा, “मावशी, इंजीन पुढे असतं हो. तुम्ही कशाला गार्डाच्या डब्यात?”

“हिरवा झेंडा गार्डाकडेच असतो,” मावशी म्हणायच्या. “आणि पुढे काय असतं रे? रस्ता. तो काही पळून जात नाही. मुलं मागे असतात.”

तेराव्या गाठीवर, म्हणजे मावशींच्या अगदी पुढे, एक आठ वर्षांची मुलगी असायची. तिला सगळे प्रश्नपत्रिका म्हणायचे, कारण तिचं एक वाक्य प्रश्नाशिवाय संपेल तर शपथ. “मावशी, तुला मुलं का नाहीत?” असं तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“ही तेरा पुरेत की,” मावशी म्हणाल्या होत्या. आणि वस्तीत सगळेच तसं धरून चालले होते. नवरा-बायको दोघंच राहायला आले, लिफ्टा दुरुस्त करणारा शांत नवरा आठ वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही. विषय संपला.

*

त्या वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अशाच एका वर्गात, मुलांना खेळ शिकवणाऱ्या एका दादाने मुलांशी नको ते केलं. पुढे कळलं, त्याच्यावर आधी दुसऱ्या गावात गुन्हा शाबीत झाला होता. पण विचारलंच नव्हतं कुणी. गोड बोलतो, वेळेवर येतो, फुकट शिकवतो. अशा माणसाला काय विचारायचं?

त्यानंतर नियम आला. मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो पगारी असो की हौशी, फॉर्म भरायचा, पोलिसांकडून पडताळणी करून घ्यायची. त्याशिवाय मुलांजवळ जायचं नाही.

बैठकीत चित्रकलेचे मास्तर फणकारले. “अकरा वर्षं पोरांचे रंगलेले हात धुतोय मी. आता माझ्यावर संशय?”

सगळ्यांत आधी हात वर केला तो दोरीमावशींनी. “संशय कसला, मास्तर? कुलूप आहे ते. घराला कुलूप लावतो ते काय शेजाऱ्यावर राग म्हणून लावतो का आपण? मुलांच्या बाबतीत तपासणी हवीच. माझी आधी करा.”

अध्यक्ष असलेल्या डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर. त्या हसून म्हणाल्या, “मावशींनी मत दिलं, म्हणजे ठरावच झाला.”

मावशींनी ते मनापासून म्हटलं होतं. फॉर्मवर काय काय विचारतात हे त्यांना त्या वेळी ठाऊक नव्हतं, एवढंच. पण ठाऊक असतं तरी हात वरच गेला असता. हे त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं आणि उत्तर तेच आलं.

फॉर्म भरायचं काम सेक्रेटरींनी आपल्याकडे घेतलं. हे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त टंकलेखक. वस्तीतला कुठलाही अर्ज त्यांच्याच हातून जायचा. अक्षर छापल्यासारखं, आणि कागद बिघडवणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून तिटकारा. एकाने चुकीच्या रकान्यात लिहिलं, दुसऱ्याने खाडाखोड केली, की सगळं परत येतं आणि महिना जातो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणून त्यांची रीतच पडली होती: सगळ्यांचे कागद घरी नेऊन स्वतः भरायचे आणि फक्त सहीला समोर ठेवायचे. रविवारी सकाळी हॉलमध्ये सातही फॉर्म त्यांनी टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. सातही फॉर्मांवर, जिथे जिथे ‘हो’ की ‘नाही’ विचारलं होतं, तिथे तिथे त्यांनी आधीच ‘नाही’वर खूण केली होती.

“सगळ्यांचंच नाही?” मास्तरांनी विचारलं.

“मग? आपल्यात कोण दरोडेखोर बसलाय?”

“मी एकदा शेजाऱ्याच्या कुंडीतली फुलं तोडलीत हो. लिहायचं का?”

“फुलांचं लिहू नका, मास्तर. तुम्ही भिंतीवर काढलेल्या त्या घोड्याचं लिहा. तो गुन्हाच आहे.”

हशा पिकला. मास्तरांनी घोड्याच्या वतीने निषेध नोंदवून सही ठोकली. सगळे भराभर सह्या करून बिस्किटांकडे वळले. मावशींनी मात्र चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली. कापडाचा प्रत्येक तुकडा उलटसुलट बघितल्याशिवाय सुईखाली घालायचा नाही, ही हाताची सवय. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत नवव्या प्रश्नाशी आलं.

‘आपल्यावर पूर्वी कधीही कोणता गुन्हा, विशेषतः मुलांच्या सुरक्षिततेसंबंधी, शाबीत झाला आहे का?’ समोर सेक्रेटरींची ती सुबक खूण. नाही. खाली दोन ओळींची मोकळी जागा: ‘असल्यास तपशील द्यावा.’

बोट तिथे थांबलं.

“वहिनी, सही खाली आहे, खाली,” सेक्रेटरी म्हणाले. ते मावशींच्या नवऱ्याचे पत्त्यातले भिडू, म्हणून वहिनी. “काही चुकलंय का? पत्ता बरोबर आहे ना?”

“पत्ता बरोबर आहे, भाऊजी.”

मागे मास्तर काहीतरी बोलले आणि परत सगळे हसले. कुणीतरी मावशींसाठी चहाचा कप आणून टेबलावर ठेवला. एवढ्या हसण्यात, एवढ्या उजेडात, बिस्किटाच्या पुड्याशेजारी ती गोष्ट कुठून काढायची?

मावशींनी सही केली.

*

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशी तेव्हा दुसऱ्या वस्तीत राहायच्या आणि त्यांना चार वर्षांची मुलगी होती. चिमणी म्हणायचे तिला. दिवसा शेजारची आजी तिला सांभाळायची. एका सकाळी आजी तापाने फणफणली होती आणि मावशींचं काम त्या दिवशी द्यायचंच होतं. कारखान्यात मुलांना आत येऊ देत नसत. मावशींनी चिमणीला कारखान्याच्या मागच्या अंगणातल्या पायरीवर बसवलं, मांडीवर रिकाम्या रिळांचा ढीग दिला आणि सांगितलं, “इथेच बस हं. अजिबात हलू नकोस. हे गठ्ठे देते आणि आलेच.”

गठ्ठे दिले, वहीत सही केली. दहा मिनिटं. अंगणात मालाचा टेम्पो मागे घेत होते.

टेम्पोवाल्यावर खटला झाला, आणि लहान मुलाला धोक्याच्या जागी एकटं सोडलं म्हणून मावशींवरही. टेम्पोवाल्याचा वकील म्हणाला, मूल खेळता खेळता मध्ये धावलं. सगळ्यांनी तेच धरलं. भेटायला येणारे, मावशींना बरं वाटावं म्हणून म्हणायचे, “मुलं ऐकत नाहीत हो. क्षणभर नजर चुकली की पळतात.”

मावशी काही बोलायच्या नाहीत. कारण पायरीचा कोपरा तुटला होता आणि रिळं पायरीवरच सांडली होती, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चिमणी पळाली नव्हती. हलू नकोस म्हटलं होतं, ती हलली नव्हती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. ‘पोरगी अवखळच होती’ एवढ्या आधारावर तो माणूस उभा होता. तो आधार कसा काढून घ्यायचा?

कोर्टात विचारलं, “गुन्हा कबूल आहे?” वकील कानाशी कुजबुजत होता, नाही म्हणा, सुटाल. मावशी म्हणाल्या, “आहे.”

वर्षभर दर महिन्याला पोलिस ठाण्यात हजेरी, एवढीच शिक्षा झाली. शेवटच्या हजेरीनंतर वकील जिन्यात म्हणाला, “मिटलं बरं का. विसरून जा आता. कुणी विचारणार नाही.” मग नवरा-बायको दोघं घर बदलून इथे आले. कारखाना मावशींनी सोडला नाही. पण पुढची बारा वर्षं, तो बंद पडेपर्यंत, त्या पुढच्या दाराने गेल्या आणि पुढच्या दाराने आल्या.

आणि खरंच कुणी विचारलं नाही. त्या रविवारपर्यंत.

*

पडताळणीला सहा आठवडे लागले. तोवर जुन्या लोकांनी काम चालू ठेवायचं, असं ठरलं होतं. त्या सहा आठवड्यांत मावशी एकदा सेक्रेटरींच्या घरी गेल्या. जिन्यात उभं राहून पहिलं वाक्य घोकलं: भाऊजी, त्या नवव्या प्रश्नाचं जरा सांगायचं होतं. दार उघडलं तर सेक्रेटरी बायकोच्या डोळ्यांत थेंब घालत होते. एका हाताने पापणी धरलेली, दुसऱ्या हातात बाटली.

“या, वहिनी, या. ही बघा, थेंब दिसला की डोळा मिटते. साठ वर्षांची झाली, तरी.”

“तुम्ही नेम धरल्यासारखे घालता, मग काय करू?” बायको डोळे मिटूनच म्हणाली. “बसा हो तुम्ही. काय काम काढलंत?”

“काही नाही,” मावशी म्हणाल्या. “हॉलमधला पंखा दुरुस्त झाला का, विचारायला आले.”

“कालच झाला की. तुम्हीच नव्हत्या का टाळ्या वाजवल्या?”

“हो, हो. विसरलेच.”

पुढे एका मंगळवारी सकाळी सेक्रेटरी आणि डॉक्टरबाई न कळवता मावशींच्या घरी आले. दुसऱ्या मजल्यावरची खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीशी शिवणयंत्र, खिडकीतून तो मोठा रस्ता आणि ओलांडायचे पांढरे पट्टे दिसायचे. डॉक्टरबाई यंत्राशेजारच्या स्टुलावर बसल्या. सेक्रेटरी उभेच.

“मावशी,” डॉक्टरबाईंनी पाकीट काढलं, पण उघडलं नाही. “पोलिसांकडून उत्तर आलंय. एकतीस वर्षांपूर्वीचं काहीतरी आहे. नाव तुमचं आहे, तारीख तुमच्या जन्माची आहे. मला वाटलं, चूक असेल.”

“चूक नाही.”

खालून न्हाव्याच्या दुकानातला रेडिओ ऐकू येत होता.

“मुलगी होती तुम्हाला?” सेक्रेटरींनी विचारलं. आवाज इतका खाली की जणू शेजारच्या खोलीत ती झोपली होती. “इतकी वर्षं आम्ही पत्ते खेळलो. तो एका शब्दाने कधी बोलला नाही.”

“बोलायचं नाही, असं आमचं दोघांचं झालं होतं. ठरवून नाही. आपोआपच.”

डॉक्टरबाईंनी डोळे टिपले, मग पाठ ताठ केली. “मावशी, आता ऐका. त्या गोष्टीमुळे तुम्हाला कुणी काढलं नसतं. फॉर्मवर ‘हो’ लिहून खाली दोन ओळी लिहिल्या असत्या, तर समिती बसली असती, विचार केला असता. माझं मत तर तुम्हालाच असतं. पण तुम्ही ‘नाही’ लिहिलंत. खोटी माहिती दिली की नियम सरळ आहे, तीन वर्षं मुलांजवळ काम करता येत नाही. तिथे माझे हात बांधलेत हो.”

“तिने कुठे लिहिलं!” सेक्रेटरी एकदम म्हणाले. वहिनींचं ‘ती’ झालं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. “मी लिहिलंय. सातही फॉर्मांवर मी लिहिलं. विचारायची तसदीसुद्धा घेतली नाही. वर दरोडेखोराचे विनोद केले. डॉक्टर, मी लेखी देतो तुम्हाला. वहिनींनी न वाचता सही केली, मी घाई केली, चूक माझी. मला काढा.”

डॉक्टरबाई विचारात पडल्या. “तसं असेल तर… न वाचता सही केली असेल, तर गोष्ट वेगळी होते. पुन्हा फॉर्म भरून घेता येईल.” त्या मावशींकडे वळल्या. “मावशी, तुम्ही वाचलं नव्हतं ना?”

प्रश्न असा विचारला होता की उत्तर त्याच्या आतच होतं. फक्त मान हलवायची होती. सेक्रेटरी डोळ्यांनी सांगत होते, हलवा. खिडकीच्या गजाला दोरी अडकवलेली होती, आदल्या संध्याकाळी धुऊन वाळत घातलेली. मावशींनी तिच्याकडे पाहिलं. पावणेचारला अजून पाच तास होते.

दुसऱ्या टोकाच्या वर्गातल्या त्या माणसालाही असंच कुणीतरी, आपला माणूस म्हणून, पुढे सरकवलं असेल. चांगला आहे हो. कशाला विचारायचं?

“वाचलं होतं,” मावशी म्हणाल्या.

“वहिनी!”

“वाचलं होतं, भाऊजी. नवव्या प्रश्नावर माझं बोट थांबलं होतं. तुम्ही विचारलंत, काही चुकलंय का. तेव्हा मी पत्त्याचं बोलले. खूण तुमची असेल, सही माझी आहे.”

सेक्रेटरी मटकन खाली बसले, खाटेच्या कडेवर. आयुष्यभर ज्यांचा कागद कधी परत आला नव्हता, ते टोपी हातात धरून लहान मुलासारखे रडले. मावशी उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. त्यांनाही रडता आलं असतं, पण तिघांत एकाने तरी चहाकडे बघायला हवं होतं.

*

दोरी दुसऱ्याकडे देण्यासाठी त्यांना एक दिवस मिळाला, तोही डॉक्टरबाईंच्या समोर. नवीन बाई तरुण होती, चष्मा लावायची, तिची स्वतःची मुलगी सहाव्या गाठीवर होती. पडताळणी झालेली, कागद स्वच्छ. हसरी, उत्साही, जरा घाईची.

“मागून चालायचं,” मावशींनी तिला सांगितलं. “शेवटची गाठ आपली. ती मोकळी राहिली तर दोरी लोंबते, पायात येते.”

“हो हो, आलं लक्षात. आणि ते आकडे म्हणायचे, ना? गोड आहे किती!”

“गोड म्हणून नाही,” मावशी म्हणाल्या, पण तोवर ती सहाव्या गाठीच्या बुटाची नाडी बांधायला वाकली होती.

प्रश्नपत्रिका दोरी सोडून समोर येऊन उभी राहिली. “मावशी, तू उद्यापासून का नाही येणार?”

डॉक्टरबाई चटकन म्हणाल्या, “मावशी आता दमतात ना, बाळा.”

“नाही, दमत नाही,” मावशी म्हणाल्या. “मी एका कागदावर खरं होतं ते लिहिलं नाही. म्हणून.”

“मग खोडून खरं लिही ना.”

“शाईचं आहे गं.”

“मग नवीन कागद घे. आम्हाला बाई देतात. तुला नाही देत?”

“मिळतो,” मावशी म्हणाल्या. “तीन वर्षांनी.”

प्रश्नपत्रिकेने बोटं मोजली. “मी अकराची होईन. अकराची मुलं दोरीला नसतात.”

“नसतात,” मावशी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी सेक्रेटरींकडून कोरा फॉर्म मागून आणला. त्यांनी दिला, पण त्यांना राहवलं नाही. “वहिनी, तीन वर्षं आहेत अजून. तेव्हा सत्तरीच्या व्हाल तुम्ही. आत्ता कशाला?”

“लिहायला तेवढा वेळ लागेलच, भाऊजी.”

फॉर्म शिवणयंत्राच्या फळीवर ठेवून मावशी बसल्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं. नवव्या प्रश्नाशी आल्या. ‘हो’वर खूण केली, ते सोपं गेलं. खाली दोन ओळींची जागा. तिथे पेन टेकलं आणि नुसता ठिपका उमटला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बसल्या, तेव्हाही ठिपक्याच्या पुढे काही गेलं नाही.

पावणेचार वाजले. पेन ठेवून मावशी खिडकीशी आल्या. खाली यायचं नाही, हाक मारायची नाही, हे त्यांनी डॉक्टरबाईंना कबूल केलं होतं. बघायचं नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं.

दोरी आली. नवीन बाई पुढे होती, जशी कुणीही चालेल तशी. मान वळवून वळवून मुलांशी बोलत होती. चौदावी गाठ मागे जमिनीवरून फरपटत होती. प्रश्नपत्रिकेने एकदा वळून पाहिलं, वाकून ती गाठ उचलली आणि दुसऱ्या हातात धरली. दोन गाठी धरून ती चालायला लागली.

रस्त्याच्या कडेला दोरी थांबली. “एक,” पहिलं मूल म्हणालं. दुसऱ्या मजल्यावर अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. “दोन.” “तीन.” आकडे मागे मागे येत प्रश्नपत्रिकेपर्यंत आले. “तेरा.”

आणि मग काही नाही.

रस्ता रिकामा होता. नवीन बाईने पट्ट्यावर पाऊल टाकलं. “चला!” दोरी ताणली गेली, पण मुलं हलली नाहीत. “चला ना, अरे, गाडी नाहीये!” सहाव्या गाठीने, तिच्या स्वतःच्या मुलीने, खाली बघत मान हलवली. तेरा मुलं कडेला उभी. सांगितलं तसं उभी. उन्हात, रिकाम्या रस्त्यासमोर, जिथे थांबायला सांगितलं होतं तिथेच.

मावशींच्या तोंडात तो शब्द तयार होता. दोन्ही हातांनी त्यांनी गज धरले. इथून म्हटलं तर मुलं निघतील, तिच्या पाठोपाठ नाही, आपल्या आवाजापाठोपाठ निघतील. आणि इथून डावीकडचं वळण दिसत नव्हतं. पलीकडून काय येतंय, ते खाली, मुलांच्या मागे उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं. वरून, दुरून, दिसत नसताना मुलांना काही सांगायचं नाही. एकदा सांगितलं होतं.

त्यांनी ओठ घट्ट मिटले.

खाली प्रश्नपत्रिका हातातली दुसरी गाठ उंच धरून उभी होती. नवीन बाईचं तिच्याकडे लक्ष गेलं. ती पट्ट्यावरून मागे आली. दोरीच्या कडेकडेने, एकेका मुलाला ओलांडत, शेवटपर्यंत आली. प्रश्नपत्रिकेने काही न बोलता गाठ तिच्या हातात दिली. त्याच वेळी डाव्या वळणावरून पावाची गाडी आली आणि भरधाव निघून गेली. नवीन बाई त्या गाडीकडे बघतच राहिली. मग तिने उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे पाहिलं.

“चौदा,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, जरा कापरा.

दोरी हलली.

पलीकडच्या फुटपाथवर चौदावी गाठ चढेपर्यंत मावशी उभ्या होत्या. न्हाव्याने वर पाहिलं, काहीतरी चिडवायला तोंड उघडलं आणि न बोलताच दुकानात गेला. मावशींच्या तळव्यांवर गजांचे गंजके वळ उमटले होते. त्यांनी ते पदराला पुसले, यंत्राशी बसल्या आणि नवव्या प्रश्नाखालच्या ठिपक्याला पेन लावलं.

‘तिला मी हलू नकोस म्हटलं होतं,’ त्यांनी लिहिलं. ‘ती हलली नाही.’

दोन ओळी तिथेच संपल्या. मावशींनी फळीखालचा खण ओढला आणि आणखी कागद शोधायला लागल्या.